दसऱ्याला घासलेल्या पट्ट्या

नागपूरजवळ, कुहीकडच्या एका गावात माझी ओळख अजून 'पान्याले करंट देनारी बाई' अशीच आहे. प्रयोगशाळेत नोकरीला असताना माझ्या खोलीच्या दारावर पाटी होती, पाटीवर हुद्दा होता, नावामागे पदवी होती. निवृत्त झाले तशी पाटी उतरली, पण ही ओळख काही उतरायला तयार नाही. मागच्या उन्हाळ्यात नागपुरात सदरला एका दुकानात पंखा घ्यायला गेले होते, तर मागून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, ह्या तं त्या करंटवाल्या मॅडम!" दुकानदारानं माझ्याकडे बघत पंख्याची वायर हळूच बाजूला घेतली.

तेव्हा आधी हे करंटचं प्रकरण काय ते सांगून टाकते.

खाणीतून दगड येतो. त्यात तांबं असतं, जस्त असतं, पण लाडवातल्या बेदाण्यांइतकंच. ते वेगळं काढायला दगडाचं पीठ करतात, पाण्यात कालवतात आणि त्यात झँथेट नावाचं एक रसायन घालतात. हे रसायन धातूच्या कणांना जाऊन चिकटतं, आणि मग त्या कणांना पाणी नकोसं होतं. खालून हवा सोडली की ते बुडबुड्यांना धरून वर येतात आणि फेसात जमा होतात. डाळ शिजताना वर आलेला फेस आपण काढून टाकतो. इथे फेस ठेवतात आणि खालचं टाकतात.

भानगड त्या खालच्या पाण्याची. त्यात झँथेट उरतं. पाणी पिवळसर दिसतं आणि सडक्या कोबीसारखा वास मारतं. माणसाला वास येऊन तो निदान दूर तरी होतो, माशाला ती सोय नाही. अगदी थोडं झँथेटही त्याला सोसत नाही. चुना घाला, तुरटी घाला, गाळ खाली बसतो आणि झँथेट पाण्यातच मजेत राहतं.

आम्ही ते तोडायचो, उजेडानं आणि विजेनं. टिटॅनियम धातूची पट्टी घ्यायची आणि तिच्यावर त्याच धातूच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर चढवायचा. हा पदार्थ तुमच्या भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो, चेहऱ्याच्या पावडरीतही असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. या थरावर अतिनील दिव्याचा उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन जागा सोडून उठतात. नुसता उजेड असेल तर ते लगेच परत येऊन बसतात आणि काम काहीच होत नाही. म्हणून थोडीशी वीज लावायची. वीज त्या इलेक्ट्रॉनांना तारेतून दूर घेऊन जाते, आणि त्यांची जागा रिकामी राहते. ती रिकामी जागा मोठी खवळलेली असते. जवळ येईल त्या रसायनाचे तुकडे करते. झँथेटचे पुरेसे तुकडे झाले की जे उरतं त्याचं माशांना काही वाटत नाही. उजेड हवा, वीज हवी आणि तो पातळ थर हवा. तिन्हींतलं एक नसलं तर उरलेली दोन शोभेची.

हे मी आयुष्यभर समजावून सांगत आले आणि लोक आपापल्या परीनं समजून घेत आले. कन्हानच्या बाजूचे एक कारखानदार आमचं व्याख्यान ऐकून गेले आणि काही दिवसांनी रागारागानं फोन करून म्हणाले, "मॅडम, तुमचं सायन्स फेल आहे." जाऊन पाहिलं तर त्यांनी नाल्यावर ओळीनं ट्यूबलाइट टांगल्या होत्या. पाणी तसंच होतं, फक्त रात्री छान दिसत होतं. दुसरे एक गृहस्थ दर वेळी विचारायचे की आपल्या नागपुरात ऊन फुकट असताना तुम्ही दिवे कशाला जाळता. ऊन पुष्कळ आहे, पण आम्हाला लागतो त्या जातीचा उजेड उन्हात थोडाच असतो, हे त्यांना अखेरपर्यंत पटलं नाही. त्यांना वाटायचं, दिवे विकणाऱ्या कंपनीशी माझं काहीतरी आहे.

असो. सांगायची गोष्ट कुहीकडच्या त्या गावाची आहे.

तिथे एक मध्यम आकाराचा कारखाना होता. ट्रकनं दगड यायचा, दळला जायचा आणि त्यातलं धातूचं पीठ पोत्यांत भरून बाहेर जायचं. कारखाना चढावर आणि गाव उतारावर. मध्ये धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि गावाचं तळं. तळं ढिवरांच्या सोसायटीकडे होतं. त्यात ते मासे वाढवायचे आणि कडेला शिंगाडा लावायचे. या तळ्याची एकच रड होती, उन्हाळा तोंडावर आला की ते आटायचं. मासा अजून हातभरही झालेला नसायचा आणि तो काढून विकावा लागायचा. आणखी दोन-तीन महिने पाणी टिकलं असतं तर त्याच माशाला चांगला भाव आला असता.

कारखान्याकडे पाणी होतं, पण ते झँथेटचं. ते शुद्ध करून तळ्यात सोडता येईल का, हे बघायला आम्हाला बोलावलं होतं. कारखान्याचे मॅनेजर दुबेजी, मोठे बोलके गृहस्थ. त्यांना सरकारदरबारी दाखवायला एक चांगली गोष्ट हवी होती. गावाला पाणी हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही हे काम मनापासून हवं होतं. काचेच्या भांड्यात, बादलीभर पाण्यात, आमची पद्धत कितीदा तरी चालली होती. आता ती खऱ्या पाण्यावर, खऱ्या तळ्याच्या वर चालावी, एवढीच निवृत्तीआधी माझी इच्छा होती.

सोसायटीची अध्यक्ष शेवंताबाई. वयानं माझ्याहून मोठी, अंगानं काटक, आणि बोलण्यात कोणाची भीड नाही. पहिल्याच बैठकीत तिनं मला विचारलं, "बाई, तुमी पान्याले करंट देता, मंग त्या पान्यात आमचे पोट्टे उतरले तं?"

मी म्हटलं, "करंट टाकीच्या आत असतो, आणि तोही थोडा. बाहेर येतं ते साधं पाणी."

"साधं आहे हे कोन सांगन?"

"तपासणी होईल. आम्ही नमुने घेऊ."

"तुमी नागपूरले जान. आमाले कोन सांगन?"

तेव्हा गावानंच दोन अटी घातल्या. शुद्ध झालेलं पाणी आधी एका हौदात यायला हवं आणि हौदात रोहूची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडलेली हवीत. ती जगली तरच पाणी तळ्यात जाईल. आणि हौदाच्या व्हॉल्व्हवर कारखान्याचा माणूस नको, गावचा हवा.

असा देवाजी आमच्याकडे आला. देवाजी ढिवरच. शेवंताबाई त्याची चुलती. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा, दोन्ही पोरांना कुहीच्या शाळेत घालणारा माणूस. आधी तळ्यावर जाळं टाकायचा. कारखान्याची नोकरी त्याच्या घरात पहिलीच. त्याला आम्ही पट्ट्यांतून किती वीज वाहते ते दाखवणारं मीटर बघायला शिकवलं, दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही हे शिकवलं, पाणी गढूळ असेल तर आत घ्यायचं नाही, कारण गढूळ पाण्यातून उजेड पट्टीपर्यंत पोचत नाही, हेही शिकवलं. त्यानं सगळं नीट केलं. पावसाळाभर आम्ही तेच ते पाणी फिरवून फिरवून तपासलं. वास गेला, रंग गेला, बोटुकली हौदात पळापळ करू लागली. देवाजी त्यांना घरून आणलेला भाताचा कोंडा टाकायचा. मी म्हटलं, "देवाजी, ही तपासणीची मासोळी आहे, लाडाची नाही." तो म्हणाला, "तपासनीची आहे म्हनून उपाशी ठेवाची काय, मॅडम?"

गाव राजी झालं. दसरा झाला की पहिलं पाणी तळ्यात सोडायचं ठरलं. शेवंताबाईनं सोसायटीच्या बायकांना सांगून ठेवलं की या वर्षी मासा घाईनं काढायचा नाही.

आता दसरा. मी कोष्ट्याच्या घरातली. माझे वडील मागावर बसायचे. आमच्याकडे खंडेनवमीला माग पुसून, धोटा तेल लावून चकचकीत करून पूजेला ठेवत. त्या दिवशी मागाला कोणी हात लावायचा नाही. पुढे घरातले माग गेले, भाऊ विम्याच्या कामात गेला, मी प्रयोगशाळेत आले, पण पूजा कुठे सुटली नाही. आमच्या प्रयोगशाळेतही लाखांच्या यंत्रांवर कुंकू लागायचं. आमचे संचालक परदेशात शिकून आलेले, तेही यंत्रापुढे नारळ फोडायचे आणि वर शिंतोडे उडू नयेत म्हणून यंत्रावर प्लॅस्टिक घालायला सांगायचे. वर्षभर ज्या वस्तूवर पोट भरतं ती त्या दिवशी मळकी ठेवायची नाही. यात कोणाला शिकवायला लागत नाही.

कारखान्यातही पूजा झाली. दुबेजींनी फर्मान काढलं, सगळी मशिनं चकाचक दिसली पाहिजेत. गिरण्या धुतल्या, पट्टे पुसले, ट्रकना झेंडूच्या माळा घातल्या. मी नागपुरात घरी होते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजीचा फोन आला. "मॅडम, दिवे लागले, पंप चालू आहे, पन मीटरचा काटा वर जाऊन नाही राहिला."

मी म्हटलं तारा बघ, जोड बघ, इलेक्ट्रिशियनला बोलाव. त्यानं बोलावलं. इलेक्ट्रिशियननं सगळं तपासून सांगितलं की वीज ठीक आहे. तोवर दुपार झाली. मग दुसरा फोन आला, आणि या वेळी देवाजीचा आवाज वेगळा होता. "मॅडम, मासोळ्या वर येऊन तोंड उघडून राहिल्या."

मी जीप काढून निघाले. पोचले तेव्हा हौदातली बरीचशी बोटुकली पांढरी पोटं वर करून तरंगत होती. हौदाला तोच सडक्या कोबीचा वास होता. देवाजीनं पंप बंद केला होता आणि तळ्याच्या व्हॉल्व्हला आपल्या दुपट्ट्यानं गाठ मारून ठेवली होती. व्हॉल्व्ह बंदच होता, उघडायचा दिवस अजून यायचा होता. पण त्याला तेवढ्यानं धीर नव्हता.

टाकी उघडली. आमच्या पट्ट्या म्हणजे दिसायला राखाडी, निस्तेज. त्यांच्यावर काही थर आहे असं कोणाला वाटणारही नाही, पातेल्याच्या तळाशी साचलेल्या पाण्याच्या क्षारासारखं काहीतरी दिसतं. आता त्या आरशासारख्या लखलखत होत्या. प्रत्येकीच्या वरच्या टोकाला हळदीकुंकवाचं बोट होतं.

"देवाजी, या पट्ट्या काढल्या होत्या?"

"हो. पूजेले काढल्या. मनाले वाटलं, मुख्य तं ह्याच आहे. बाकी सगळं पुसलं अन् ह्याच मळक्या ठेवाच्या काय? क्षार धरला होता. चिंच लावली, राख लावली अन् घासल्या. आमच्या मालकिनीनं भी हात लावला. जाता जाईना ना वं... माफ करा, मॅडम, जात नव्हता, मंग नारळाच्या शेंडीनं घासल्या."

तो क्षार नव्हता. तोच आमचा थर होता. माझी काही वर्षांची मेहनत त्या नवरा-बायकोनं उपास सोडायच्या आधी, गाणी म्हणत, नारळाच्या शेंडीनं घासून टाकली होती. पट्टीला हात लावू नये असं सूचनांच्या कागदावर होतं, त्यानं तोवर लावलाही नव्हता. पण सणाच्या दिवशी हात न लावणं हाच त्याच्या हिशेबी गुन्हा होता. कोणा निष्काळजी माणसानं हे कधीच केलं नसतं. त्यानं पट्ट्या आहेत तशा ठेवल्या असत्या आणि पाणी छान शुद्ध झालं असतं. मला राग आला, आणि तो काढायला जागाच सापडेना. हौदाच्या कठड्यावर बसून मी नुसतीच त्या पट्ट्यांत माझं तोंड बघत राहिले.

दुबेजी आले. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि लगेच तोडगाही काढला. "मॅडम, नुकसान काहीच नाही. पाणी हौदातच आहे, ते मागे घेऊ. तुमच्याकडे पट्ट्यांचा दुसरा सेट आहे, तो लावू. बोटुकली बाजारातून नवीन आणून टाकू. कोणाला कळते? बात आपल्यातच राहू द्या. पहिलं पाणी ठरल्या दिवशी सोडू."

यात खोटं काहीच नव्हतं, हे मला कबूल करावं लागेल. तळ्यात थेंबही गेला नव्हता. दुसरा सेट चांगला होता. नवीन बोटुकली जगलीच असती. आणि पाणी तळ्यात जावं असं मलाही वाटत होतं, दुबेजींपेक्षा जास्त. मी गप्प राहिले.

देवाजी म्हणाला, "गावाले सांगा लागन, साहेब."

"काय सांगशील? चिंचेनं घासली म्हणून? हसतील तुझ्यावर. अन् पाणी नको म्हणतील."

"हसू द्या. मी तिथं कायच्यासाठी बसलो आहे? मेल्या का जगल्या हे सांगाले. मेल्या ना."

दुबेजींचा बोलकेपणा तिथे संपला. ते म्हणाले, "सांगून ये मग. अन् उद्यापासून इकडे येऊ नको."

देवाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी पण येते." एवढंच मला सुचलं.

संध्याकाळी तळ्याच्या पाळीवरच्या मारुतीच्या देवळापुढे सोसायटीची माणसं जमली. दुबेजीही आले, गोष्ट बिघडू नये म्हणून. देवाजी उभा राहिला आणि त्यानं काहीही न लपवता सगळं सांगितलं. चिंच आणि राख आली तेव्हा पोरं हसली, एकजण मागून ओरडला, "तुले भांडे घासाले ठेवलं होतं काय गा?" देवाजीची बायको बायकांत बसली होती, तिनं पदर तोंडावर ओढला. मासोळ्या मेल्या म्हटल्यावर हसणं थांबलं.

मग मी बोलले. मी आयुष्यात इतकं कळकळीनं कुठल्याही परिषदेत बोललेले नाही. म्हटलं, नवीन पट्ट्या लावते, वर जाळी बसवते, कुलूप घालते, मासोळी परत सोडते. म्हटलं, तुम्ही घातलेली अट कामी आली, म्हणूनच तळं वाचलं. पद्धत चुकलेली नाही. पाणी घ्या, उन्हाळाभर तुमचा मासा राहील. सगळं खरं होतं आणि आजही मी त्यातला शब्द मागे घेणार नाही.

शेवंताबाई शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, तुमचं यंत्र खोटं आहे असं मी नाही म्हनत. पन माह्या पुतन्यानं चांगल्या मनानं हात लावला अन् पानी बिघडलं. यंत्र एवढं नाजूक, अन् खाली आमचं सगळं. आमाले हे नाही परवडनार. मासा लहान विकू, पन हे पानी नको."

कोणी विरोध केला नाही. ज्या बायका या वर्षी मासा घाईनं काढणार नव्हत्या, त्यांनीही नाही. मला झालं ते हरल्याचं दुःख होतं, दुसरं काही नाही. पाणी पुढे कारखान्यातच परत वापरायला लागले आणि त्यात काही वाईट झालं नाही, नव्या पट्ट्या चांगल्या चालल्या. पण तळ्यात ते कधी गेलं नाही, आणि माझ्या निवृत्तीपर्यंत तशी दुसरी जागा मिळाली नाही. ती खंत आहे, ती राहील.

सभा मोडली असं समजून दुबेजी उठले. चपला घालता घालता त्यांनी देवाजीला म्हटलं, हिशोब करायला ऑफिसात ये.

"थांबा, साहेब," शेवंताबाई म्हणाली. "पानी नाही म्हटलं, पोराले नाही नाही म्हटलं. त्याले काहून काढता?"

"बाई, पाणीच घेत नाही तर तुमच्या माणसाचं तिथे काय काम?"

"कारखाना तं वरतच राहीन ना? पुढच्या पावसात तुमचा हौद भरन, फुटन, काही होईन. तवा खाली येऊन कोन सांगन? तुमी सांगान?"

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी हौदाजवळ गप्प बसले होते, हे तिला कोणी सांगितलं होतं की नाही, मला ठाऊक नाही.

"ह्या बाई सांगन?" ती म्हणाली. "नाही ना. हाच येईन. त्याले तिथंच ठेवा."